आधी तारीख सांगा, मग धीर द्या

१० ऑक्टोबर जवळ आला की मुंबईतल्या कॉलेजांच्या सभागृहांत एक ठरलेला कार्यक्रम होतो, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा. पाहुण्यांच्या हाती रोपटं, पडद्यावर स्लाइड्स, मग डोळे मिटून पाच मिनिटं श्वास मोजायचे आणि शेवटी रंगीत फलकासमोर ग्रुप फोटो. सभागृहातून बाहेर पडलं की सूचनाफलक लागतो. गेल्या सत्राच्या पुनर्मूल्यांकनाचा निकाल कधी लागणार, याबद्दल त्यावर दोन-दोन महिने एक ओळ नसते. एटीकेटी लागलेल्यांनी, म्हणजे काही विषय सुटायचे राहिलेल्यांनी, पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायचा की नाही, तेही तिथे कळत नाही. व्याख्यान आत आणि ज्याच्यावर व्याख्यान, ते दारात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तरुणांच्या मानसिक आरोग्याची आपली सगळी चर्चा 'मुलांना खंबीर कसं करायचं' याभोवती फिरते. माझं म्हणणं असं की खंबीर करायच्या उद्योगाला लागण्याआधी मोठ्यांनी स्वतःचं एक साधं काम उरकावं: जे ठरवता येण्यासारखं आहे ते ठरवून सांगावं. परीक्षेची तारीख, निकालाची तारीख, घरात दिवे मालवायची वेळ, आणि बिघडलंच तर कोणत्या दारात जायचं, तिथे कोण भेटेल. पाच वर्षांनी कोणत्या नोकऱ्या उरतील हे कोणालाच सांगता येणार नाही, ते सोडून देऊ. पण या शहरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या अनिश्चिततेत जागतिक उलथापालथीपेक्षा विद्यापीठाच्या, कंपन्यांच्या आणि घरच्यांच्या ढिसाळपणाचा भाग मोठा असतो. तो कमी करायला योगासनांची गरज नाही.

अनिश्चितता ही नुसती 'वाईट बातमीची भीती' नसते, हे आधी समजून घ्यायला हवं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४५ स्वयंसेवकांना कॉम्प्युटरवर दगडांचा खेळ दिला. दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा दुखरा झटका. झटका बसण्याची शक्यता खेळात सतत बदलत ठेवली होती. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुलीचा आकार यांवरून ताण मोजला, तेव्हा तो सर्वाधिक निघाला शक्यता पन्नास टक्के असताना. झटका नक्की बसणार हे कळलेल्या वेळी ताण त्याहून कमी होता. नापास झालेलं मूल दोन दिवस रडतं आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी सुटतो ते विचारू लागतं. निकाल लटकलेलं मूल मात्र महिनाभर धड झोपत नाही, धड अभ्यास करत नाही, आणि त्याचं कारणही त्याला सांगता येत नाही. यामागचा हिशोब हाच.

आता मुंबईची गेल्या काही वर्षांची उजळणी करा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्महिने रखडले, पुढचे प्रवेश आणि परदेशी जागा अडकल्या, आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावं लागलं. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. मग अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला वेगळी सीईटी ठरली, मुलं अभ्यासाला लागली, आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटीच रद्द केली. २०२५ च्या मे महिन्यात राज्यभराची अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सुरू होताच पोर्टल कोलमडलं आणि अर्ज भरणं पुढे ढकलावं लागलं. २०२४ चा जून तर देशभराचाच होता: वैद्यकीय प्रवेशाच्या नीटच्या निकालावरून वाद, १,५६३ जणांचे वाढीव गुण मागे, यूजीसी-नेट परीक्षा १८ तारखेला झाली आणि १९ तारखेला रद्द, नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकललेली.

या यादीत एक उलटं उदाहरणही आहे. २७ एप्रिल २०२५ ला सकाळच्या सत्रातल्या एमएचटी-सीईटीत इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत २१ प्रश्न चुकीचे निघाले. चूक अक्षम्य होती आणि त्याबद्दल सीईटी कक्षाने जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या योग्यच होत्या. पण आठवड्याभरात फेरपरीक्षेची तारीख जाहीर झाली आणि ५ मे रोजी ती परीक्षा पार पडली. मनस्ताप झाला, पण त्याला शेवट होता.

'एवढ्याशा गोष्टीने खचणारी ही कसली पिढी, आमच्या वेळी निकाल पोस्टाने यायचा,' असं यावर हमखास म्हटलं जातं. तुमच्या वेळी निकाल पोस्टाने यायचा, म्हणजे पोस्टमन दिवसातून एकदाच यायचा. त्याआधी किंवा नंतर दाराकडे बघून उपयोग नसायचा. आजचं मूल तेच पान दिवसातून साठदा रिफ्रेश करतं, आणि क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आज रात्री लागणार, पक्की खबर' असं कोणी ना कोणी रोज टाकत असतं. शिवाय तारीख सांगणं म्हणजे पेपर सोपा काढणं नव्हे. कठीण परीक्षा घ्या, पण कधी घेणार ते सांगा.

'आम्हालाच तारीख माहीत नसते, तर सांगणार काय?' हा परीक्षा विभागाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे. निकालाची तारीख ठाऊक नसली तरी पुढची माहिती कधी देणार याची तारीख देता येते. सूचना अशी लिहा: 'निकाल २८ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लागेल. तोवर लागला नाही तर त्याच दिवशी सहा वाजता नवी तारीख याच पानावर देऊ. मधल्या काळात इथे काहीही जाहीर होणार नाही.' यातलं तिसरं वाक्य सर्वात मोलाचं. मुलांना पान न उघडण्याची परवानगी त्या एका वाक्यातून मिळते. आणि सहा वाजता खरोखरच काही ना काही लिहायला हवं, 'अजून ठरलेलं नाही, पुढची माहिती ४ तारखेला' एवढं तरी. एकदा जरी ही वेळ चुकली तरी पुढच्या सूचनेवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि रिफ्रेशचा खेळ पुन्हा सुरू. प्राचार्यांच्या सहीने, विद्यापीठाची वाट न पाहता, हे कुठल्याही कॉलेजला उद्यापासून करता येईल. खर्च शून्य.

नोकरीच्या दारातही हेच चाललेलं असतं. कॅम्पस मुलाखतीत निवड झाली, ऑफर लेटर हातात आहे, नातेवाइकांना पेढे वाटून झाले, आणि जॉइनिंगची तारीख सहा-सहा महिने येत नाही. मूल दुसरीकडे अर्ज करायला धजत नाही, घरी रिकामं बसलेलं दिसतं, शेजारचे विचारत राहतात. अशा मुलांना 'सकारात्मक राहा' सांगण्यापेक्षा प्लेसमेंट सेलने कंपन्यांशी करार करतानाच एक अट घालावी: ठरावीक दिवसांत रुजू करून घेतलं नाही तर विद्यार्थ्याला पुन्हा मुलाखतींना बसण्याची मुभा. जे कॉलेजात नाहीत, डिलिव्हरी, मॉल, सिक्युरिटी, कॉल सेंटर अशा कामांत आहेत, त्यांच्यासाठी तारखेची जागा रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक घेतं. उद्याची शिफ्ट आज रात्री अकराला मोबाइलवर कळत असेल तर झोप, जेवण, अर्धवट राहिलेली पदवी, कशाचंच गणित बसत नाही. आठवड्याचं रोस्टर आठवडाभर आधी देणं हा कामगार कल्याणाइतकाच मानसिक आरोग्याचा विषय आहे. मात्र या मुलांसाठी कोणी सभागृहात कार्यक्रमही घेत नाही.

आता घर. मुंबईच्या घरात मुलाची झोप ही त्याच्या एकट्याच्या शिस्तीवर अवलंबून नसते. सकाळी सातचं ज्युनिअर कॉलेज दादरला आणि घर नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला, तर उठायचं पावणेपाचला. कॉलेज सुटल्यावर क्लास, तो सुटणार साडेआठला, घरी पोचायला दहा. जेवण, मोबाइल, आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही. खोली एकच असेल तर घरातलं शेवटचं माणूस झोपतं तेव्हाच मूल झोपतं. बारा वाजले म्हणजे पावणेपाच तासांची झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. ही उधारी दोन-तीन महिने साचली की चिडचिड, विसराळूपणा, छातीत धडधड हे सगळं सुरू होतं, आणि मग ते 'परीक्षेचं टेन्शन' या एकाच खात्यावर मांडलं जातं.

उपाय 'लवकर झोप' हा नाही, कारण झोप हुकमाने लागत नाही. उठायची वेळ पक्की करा आणि रविवारीही ती तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. रात्रीची वेळ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप अलीकडे सरकते. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद, कारण पोटात गेलेलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही रक्तात असतं. दुपारी डुलकी काढायचीच तर वीस-तीस मिनिटं आणि चारच्या आत. फोन चार्जिंगला लावायची जागा उशीपासून हलवून स्वयंपाकघराच्या ओट्याकडे न्या, आणि घरातल्या सगळ्यांचेच फोन तिथे ठेवा. फक्त मुलाचा काढून घेतलात तर ती शिक्षा होते आणि तिसऱ्या दिवशी भांडण होतं. दिवे मालवायची वेळ साऱ्या घराची एकच. मालिका उद्या मोबाइलवर बघता येते.

निकालाच्या दिवसांत पालकांचा सगळ्यात घातक प्रश्न म्हणजे 'काही कळलं का?' दर दोन तासांनी. त्यातून मुलाला काळजी दिसत नाही, फक्त आपण तपासणीखाली आहोत एवढंच कळतं. त्याऐवजी घरात ठरवून टाका की मेल आणि पोर्टल दिवसातून दोनदा बघायचं, समजा अकरा आणि सहा वाजता, आणि काही असेल तर तो किंवा ती आपणहून सांगेल. मुलासाठीही अशीच एक युक्ती आहे, समुपदेशक ती नेहमी देतात: काळजीला वेळ नेमून द्यायची. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, वही घेऊन. जे सतावतंय ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे 'माझ्या हातात' किंवा 'हातात नाही' अशी खूण करायची. हातात असलेल्यापुढे उद्या करायची एकच कृती, वेळेसकट. 'अभ्यास वाढवणं' हे कृतीत बसत नाही. 'सकाळी नऊ ते साडेदहा, केमिस्ट्रीचे मागचे दोन पेपर' हे बसतं. दिवसभरात काळजी डोकं वर काढू लागली तर 'साडेसहाला बघू' म्हणून पुढे ढकलायची. हे कुठे फसतं तेही सांगतो. लोक ही वही रात्री झोपताना उघडतात, आणि मग ती झोपेचं खोबरं करते. झोपेआधी निदान दोन तास हे आटोपलेलं हवं.

इथवरचं सगळं ताणासाठी झालं. आजार वेगळा, आणि दोन्हीला एकाच 'टेन्शन'मध्ये कोंबण्याची आपली सवय महागात पडते. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के होतं, आणि महानगरांत १३.५ टक्के. बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आतच होते. जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीत साडेचौदा हे सुरुवातीचं सर्वात ठळक वय निघालं आहे. म्हणजे बरोबर आठवी-नववी, जेव्हा आपण सगळं 'वयाचं आहे' म्हणून सोडून देतो. ओळखायची खूण कठीण नाही. दोन आठवडे सलग, जवळपास रोज, झोप-भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतूनही मन उडालेलं, मित्र टाळणं, अंघोळ-कपड्यांचाही कंटाळा. मुलं उदास दिसतीलच असं नाही. या वयात डिप्रेशन पुष्कळदा चिडकेपणाच्या रूपात येतं किंवा डोकेदुखी-पोटदुखीच्या. रक्त, सोनोग्राफी, चष्म्याचा नंबर, सगळं तपासून झालं, रिपोर्ट नॉर्मल आले आणि दुखणं मात्र चालूच आहे, तर चौथ्या डॉक्टरकडे जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

आणि एक प्रश्न विचारावा, जो विचारायला सगळेच कचरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांत महाराष्ट्र पहिला, १,७६४. तरी घरोघरी समज असा की विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल. तसं होत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट कोणीतरी सरळ विचारलं याने बोलायला वाट मिळते. म्हणून आडवळणाने नको. 'खूप त्रास होतोय असं दिसतंय. जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?' असंच, शांत आवाजात, एकट्याने, दार लोटून. उत्तर 'हो' आलं तर पुढचे प्रश्न: किती दिवसांपासून, आज, आत्ता वाटतंय का, काही ठरवलंय का. 'असं बोलायचं नाही', 'आईचा विचार केलास का?' ही वाक्यं प्रेमापोटी येतात, पण त्याने मूल अपराधी होऊन गप्प बसतं आणि तुमच्या हातातली दोरी सुटते. 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. 'तुझ्या सुरक्षेसाठी गरज पडली तर एकाला सांगेन, आणि कोणाला ते तुला आधी सांगेन' एवढंच म्हणा. काही ठरवलेलं असेल तर त्या रात्री मुलाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि विषारी वस्तू कुलपात, आणि थेट कॅज्युअल्टी, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग. केईएम, सायन, नायर, कूपर, जे.जे., यांपैकी जवळचं; कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरं इथे पाय मागे घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं सरसकट कलमच उरलेलं नाही. प्रयत्न झालेला असेल तर रुग्णालयात पोलिसांची नोंद होते, जबाब घेतात, त्याला घाबरून दुसऱ्या दवाखान्यात पळापळ करण्यात वेळ जातो.

फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीतही आहे. अडचण वेगळीच येते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असताना सोळा वर्षांची मुलगी बोलणार कुठून? गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, जिन्यात शेजारी, चौकात नाक्यावरची पोरं. या शहरात एकांत ही जागेच्या भावाइतकीच महाग गोष्ट आहे. महापालिकेच्या अभ्यासिका आणि कॉलेजांची ग्रंथालयं यांत दार बंद होणारी एक छोटी खोली तासातासाने राखून द्यायला काय हरकत आहे? नोंदवहीत फक्त वेळ लिहायची, कारण नाही.

आता समुपदेशकाकडे येऊ, कारण सगळी भिस्त त्याच्यावर टाकली जाते. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हेल्पलाइनचे क्रमांक ठळकपणे लावणं, गुणांवरून मुलांच्या तुकड्या न पाडणं हे सगळं आहे. निकाल स्वागतार्हच. पण 'किमान एक' हे शंभर मुलांच्या शाळेला पुरतं, सहा हजारांच्या कॉलेजला नाही. हिशोब करून पाहा. एका भेटीला पाऊण तास, टिपणं आणि पालकांचे फोन धरून दिवसाला पाच भेटी, आठवड्याला २५. वर्षातले ३५ आठवडे कॉलेज भरतं, म्हणजे ८७५ भेटी. एका मुलाला सरासरी सहा भेटी लागल्या तर वर्षाला साधारण १४५ मुलं. महानगरातल्या त्या साडेतेरा टक्क्यांच्या निम्मंच प्रमाण धरलं तरी सहा हजारांत ४०० मुलं गरजू निघतात. उरलेल्या अडीचशेंचं काय, हे परिपत्रकात नसतं. त्यात समुपदेशकाला प्रवेशाच्या काळात फॉर्म तपासायला बसवतात, हजेरी कमी असलेल्यांची 'समजूत काढायला' पाठवतात, आणि त्याची खोली शिस्तपालन समितीच्या शेजारी देतात. त्या दारात जाताना कोणी पाहिलं तर काय, असा विचार करणारं मूल मग आत येतच नाही.

नेमणूक करताना तीन-चार गोष्टी विचाराव्यात: मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आहे का, प्रत्यक्ष कामाचं पर्यवेक्षण कोणाकडे झालं, गोपनीयतेचा लेखी नियम काय, आणि आपल्या आवाक्याबाहेरची केस कोणत्या रुग्णालयात पाठवतात. शेवटच्याचं उत्तर नावासकट येत नसेल तर बाकीच्या प्रमाणपत्रांना अर्थ नाही. पंधरा दिवसांच्या ऑनलाइन कोर्सवर पाटी लावणारे या शहरात पुष्कळ आहेत.

आणखी एक फॅशन सध्या जोरात आहे: प्रवेशाच्या दिवशी सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली त्यातली लोकप्रिय. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. दहा किंवा वर गुण आले तर सविस्तर बोलणं हवं. साधन चांगलं आहे, पण ते निदान करत नाही, चाळणीसारखं काम करतं. घोळ पुढे होतो. हजार फॉर्म ऑगस्टमध्ये भरले जातात, गठ्ठा कपाटात जातो, बेरीज दिवाळीनंतर होते. यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याशिवाय काहीही खूण असेल तर बाकी बेरीज कितीही कमी असो, त्या मुलाशी त्याच दिवशी बोलायला हवं. तेवढी माणसं नसतील तर प्रश्नावली वाटूच नये. विचारून मग दुर्लक्ष करणं हे न विचारण्याहून वाईट, कारण मुलाने एकदा धीर करून खूण केलेली असते.

औषधांबाबत थोडं. नैराश्याच्या गोळ्या क्रोसीनसारख्या तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात, आणि मळमळ-अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. हे आधी सांगितलेलं नसेल तर दहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांचं लक्ष हवं, म्हणून पहिली फेरतपासणी आठ-दहा दिवसांतच घ्यावी. बरं वाटू लागल्यावरही सहा-नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि थांबवायचं ते हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. 'सवय लागेल' ही भीती या गोळ्यांबाबत गैरलागू आहे. ती बाळगायची तर ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांबाबत बाळगा. विम्याचंही सांगून ठेवतो: शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना संरक्षण देणं विमा कंपन्यांवर त्याच २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देणारी असेल तर ओपीडीचा खर्च खिशातूनच.

आणि मुख्य खर्च तिथेच आहे. खासगी भेटीला हजार ते तीन हजार, तेही दर आठवड्याला, हे कितीजणांना परवडणार? महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत उत्तम मानसोपचार विभाग आहेत, किरकोळ पैशांत. पण ओपीडी सकाळची. केसपेपरच्या रांगेत आठला उभं राहायचं, एक-दीड वाजता मोकळं व्हायचं, म्हणजे कॉलेजचा किंवा नोकरीचा एक दिवस गेला. दर पंधरवड्याला असा दिवस घालवणाऱ्या मुलाच्या पंचाहत्तर टक्के हजेरीची काळजी कोण घेणार? शेवटी ते तिसऱ्या फेरीला येत नाही आणि विभागाच्या कागदांवर 'पाठपुरावा तुटला' अशी नोंद होते.

यावर मुंबईपुरता उपाय हाताशी आहे. महापालिकेचे 'आपला दवाखाना' सकाळी सात ते दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा अशा दोन पाळ्यांत चालावेत अशी त्यांची रचना आहे. संध्याकाळची पाळी तरुणांच्या सोयीची, घराजवळची, आणि तिथे जाताना 'वेड्यांचा दवाखाना' म्हणून कोणी बोट दाखवत नाही, कारण तिथे सगळेच सर्दी-खोकल्याला जातात. प्रत्येक वॉर्डातल्या एका दवाखान्यात आठवड्याच्या दोन ठरलेल्या संध्याकाळी, समजा मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते नऊ, एक प्रशिक्षित समुपदेशक बसवावा. वॉर्ड चोवीसच्या आसपास आहेत, म्हणजे वार वेगवेगळे ठेवून एकाने तीन दवाखाने सांभाळले तर आठ-नऊ माणसं. मोठ्या रुग्णालयाचा मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा तिथे येऊन औषधं तपासेल. मधल्या काळात गोळ्या तिथूनच मिळतील. कॉलेजांनी त्या दिवशीची भेट हजेरीत वैद्यकीय कारण म्हणून धरावी, दवाखान्याच्या साध्या शिक्क्यावर, आजाराचं नाव न विचारता.

आणि कॉलेजच्या समुपदेशकाने मुलाला तिकडे पाठवताना हातात चिठ्ठी द्यावी, 'जाऊन ये' एवढ्यावर सोडू नये. चिठ्ठीवर दवाखान्याचा पत्ता, वार, वेळ, भेटणाऱ्या व्यक्तीचं नाव, आणि खाली एक ओळ: आठव्या दिवशी कोण फोन करून विचारणार, किती वाजता.